न्हाय, का ठाव न्हाय?

आमच्या दूध संघाच्या कचेरीत कुलूप लागायचं ते दोनच ठिकाणी. एक चेअरमनसाहेबांच्या केबिनला आणि दुसरं ओहाळबाईंच्या ड्रॉवरला. केबिनमध्ये चोरण्यासारखं काही नाही हे अख्ख्या धाराशिवला माहीत होतं. ड्रॉवरमध्ये मात्र आम्ही सगळे होतो.

त्याचं असं, की बाई तोंडी हुकूम घेत नसत. "बाई, एवढं जरा असं करून टाका," म्हटलं की त्या पाठकोऱ्या कागदाचा तुकडा काढायच्या, तो हुकूम आपल्या ठसठशीत अक्षरात त्यावर उतरवायच्या आणि समोर सरकवायच्या. "ह्याच्यावर सही मारा." सही झाली की चिठ्ठीची घडी ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला पितळी कुलूप आणि कुलपाची किल्ली काळ्या दोऱ्यात गळ्यात. कुणी वैतागून म्हणालं, "बाई, एवढा अविश्वास?" तर म्हणायच्या, "तुमच्यावर इस्वास हाय की. तुमच्या ध्येनावर न्हाय."

माझ्या चिठ्ठ्या त्या ड्रॉवरमध्ये सगळ्यात जास्त असाव्यात. माझं आडनाव कुलकर्णी. पूर्ण सही करण्याइतका वेळ मला कधी नसायचा, म्हणजे नुसतं 'कु.' लिहून खाली एक झोकदार रेघ मारण्यात साहेबपणा आहे असं मला वाटायचं. काम काही नव्हतं. वेळ मात्र नव्हता.

चिठ्ठ्यांखेरीज त्या ड्रॉवरमध्ये एक लाल-निळी पेन्सिल, शेंगदाण्याच्या चटणीची डबी आणि एक कप असायचा. बाकीच्यांचे कप ट्रेमध्ये. नवीन होतो तेव्हा मी भोळेपणाचा आव आणून विचारलं होतं, की बाई, तुमचा कप वेगळा का? बाई पेन्सिलीला टोक काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी येगळा ठिवायच्या आत म्याच ठिवला." मी त्यानंतर बराच वेळ त्या पेन्सिलीचं टोक बघत बसलो. टोक छान निघालं होतं.

सुमन ओहाळ मूळच्या बेंबळीच्या. शाळा नववीपर्यंत. बहात्तरच्या दुष्काळात लेकरू कडेवर घेऊन खडी फोडायला होत्या. तिथल्या मुकादमाला स्वतःचं अक्षर दुसऱ्या दिवशी वाचता येत नसे, म्हणून त्यानं बाईंच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि पेन्सिल दिली. हजेरी बाई लिहायला लागल्या. एकदा मुकादमानं सांगितलं, न आलेल्या चौघांची हजेरी मांड. बाईंनी मांडली. तपासणीला साहेब आल्यावर मुकादम म्हणाला, "पोरीनं लिवलं, मला काय ठाव!" बाई परत खडीवर. चिठ्ठीचं शास्त्र त्या दिवशी जन्माला आलं. पुढं त्या टायपिंग शिकल्या आणि संघात हंगामी टंकलेखिका म्हणून लागल्या. मी रुजू झालो तेव्हा तो हंगाम दहा वर्षं चाललेला होता. एवढा लांबलेला हंगाम आमच्या जिल्ह्यानं दुसरा पाहिलेला नाही.

बाईंचा दुसरा छंद म्हणजे रिकामी चौकट. गावोगावच्या संस्थांचे फॉर्म यायचे, त्यात एखादा रकाना कोरा दिसला की त्या भरणाऱ्याला बोलावून घ्यायच्या.

"ह्ये काय? न्हाय, का ठाव न्हाय?"

"म्हंजी?"

"म्हशीच्या रकान्यात काय न्हाय. ह्येच्याकडं म्हैस न्हाय, का म्हैस हाय का न्हाय त्ये तुमाला ठाव न्हाय?"

"एकच की बाई."

"एकच कसं? माझ्याकडं बिडी न्हाय. तुमच्या खिशात बिडी हाय का, त्ये मला ठाव न्हाय. एक झालं व्हय?"

तो बिचारा नकळत खिशावर हात ठेवायचा आणि पुन्हा गावाचा रस्ता धरायचा. आम्ही हसायचो. मी तर सांख्यिकीतला पदवीधर. मी जास्त हसायचो. बाई जे सांगत होत्या ते माझ्या पुस्तकात एका अख्ख्या प्रकरणात होतं. ते प्रकरण परीक्षेला नव्हतं, एवढंच.

ऐंशीचं दशक अर्धं उलटलं आणि संघानं संगणक घेतला. तत्पूर्वी मला पंधरा दिवस पुण्याला शिकायला पाठवलं. पाहणीतून गोळा केलेली माहिती आत घातली की सरासरी, टक्केवारी, तक्ते सगळं काढून देणारं एक पॅकेज होतं, ते शिकून यायचं होतं. पहिले आठ दिवस, मशीन चालू कुठून होतं हे कुणाला विचारावं या संकोचात गेले. उरलेले सात दिवस जे कळत नाही ते मॅन्युअलात असेलच या भरवशावर गेले. परत येताना मॅन्युअल बरोबर आणलं. विटेएवढं जाड, इंग्रजीत, आणि उशाला घ्यायला उत्तम.

संगणकाला स्वतंत्र खोली, खोलीला एसी, दारात चपला काढायच्या. पाऊस सलग रुसलेला, माणसं उन्हात आणि मशीन गारव्यात. नारळ फुटला, हळदीकुंकू वाहिलं, त्यातलं थोडं फ्लॉपीच्या फटीत गेलं. चेअरमनसाहेब म्हणाले, "हां कुलकर्णी, चालवून दाखवा."

मी आधीच तयारी केली होती. कचेरीतल्या पाच जणांची वयं आत घातली होती. आमचे शिपाई रसूलचाचा यांना आपलं वय माहीत नव्हतं. निजामाच्या अमलात जन्मलो, एवढं ते छातीठोक सांगायचे. माहिती नसेल तिथं नव्याण्णव घाला, असं मॅन्युअलात होतं, मी घातलं. 'नव्याण्णव म्हणजे माहिती नाही, ते हिशोबात धरू नको' असं मशीनलाही सांगायचं असतं, हे पुढच्या पानावर होतं. ते पान मी उलटलं नव्हतं.

प्रिंटरनं कर्रकर्र करत कागद ओकला. चेअरमनसाहेबांनी चष्मा लावला. "सरासरी वय सत्तेचाळीस. बरं. सगळ्यात जास्त वय… नव्याण्णव? कुलकर्णी, आपल्याकडं नव्याण्णव वर्षांचा म्हातारा कोण हाय? आन त्याला अजून घरी कामून बसवला न्हाई?"

नेमके तेव्हाच रसूलचाचा चहाचा ट्रे घेऊन आत आले. पुढं महिनाभर संचालक मंडळी त्यांच्या हातून ट्रे काढून घेऊन त्यांना खुर्ची देत होती. चाचांना ते आवडलं. मला नव्याण्णव हा आकडा पुन्हा कुठं दिसू नये असं वाटायला लागलं. हे वाटणं लक्षात ठेवा. सगळं पाणी तिथंच मुरलं.

माहिती मशीनमध्ये टंकण्याचं काम बाईंकडं आलं. मी त्यांना पॅकेज शिकवायला बसलो. म्हणजे मी मॅन्युअल वाचायचो आणि बाई विचारायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी तक्त्याच्या अगदी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही वळ काय म्हणती?"

"मिसिंग केसेस. म्हणजे ज्यांची माहिती मिळाली नाही ते."

"हरवल्याली माणसं?"

"माणसं नाही हो बाई, माहिती."

"माहिती माणसाचीच की. मंग आधी ह्येच वाचायचं."

त्या दिवसापासून बाई प्रत्येक कागद खालून वर वाचायला लागल्या. आम्ही वरची सरासरी बघून माना डोलवत असायचो, बाई तळाशी. मी एकदा चिडवलं, की बाई, पोथीही शेवटच्या अध्यायापासून वाचता का? त्या म्हणाल्या, "सायेब, सैपाक कसा झालाय त्ये पयल्या पंगतीला इचारू नये. शेवटी बसल्याला काय मिळालं, त्ये बघावं." मशीनबद्दलही त्यांचं एक मत झालं होतं. "लई गुणाचं हाय. जेवढं सांगंल तेवढंच ऐकतंय. आपल्या कचेरीत असलं माणूस न्हाय." दुसरं एक वाक्य त्या सरासरी काढायच्या आधी दरवेळी म्हणायच्या: "आधी मोजा, मंग भागा." मी सरळ भागायचो.

त्याच उन्हाळ्यात टंचाई कळसाला पोचली. चारा नाही म्हणून दूध आटलं, दूध आटलं म्हणून संघाचे टँकर उभे राहिले. तेव्हा चेअरमनसाहेबांनी जाहीर केलं, की दुधाचे चार टँकर धुऊन पिण्याच्या पाण्याला लावू. कोणत्या चार वस्त्यांना, ते मात्र शास्त्रीय पद्धतीनं ठरेल. शास्त्र म्हणजे मी. पाहणी करायची, बाईमाणसाला पाण्यासाठी किती लांब जावं लागतं ते घरोघर विचारायचं, वस्तीवार सरासरी काढायची. सगळ्यात लांबच्या चार वस्त्यांना टँकर.

दूध संस्थांच्या सचिवांनी फॉर्म भरून आणले. त्यात दोन रकाने महत्त्वाचे होते: पाण्याला जाणाऱ्या बाईचं नाव, आणि पाण्याचं अंतर फर्लांगात, म्हणजे मैलाच्या आठव्या हिश्शात. अणदूरच्या अंगाला बोरमाळ नावाची एक वस्ती होती. नाव दागिन्याचं, वस्ती उघड्या माळावरची. थोडी धनगरांची घरं, थोडी बौद्धांची. तिथल्या अडतीस फॉर्मांपैकी तेवीस फॉर्मांत नावाच्या रकान्यात नुसतं 'कु.' होतं आणि अंतराचा रकाना कोरा.

मी विचार केला. पदवीधर माणसानं विचार करू नये. 'कु.' म्हणजे कुमारी. बाई अविवाहित असणार, लाजून पुढचं नाव सांगितलं नसणार. मी सगळे फॉर्म आकड्यांत उतरवले: कुमारी म्हणजे दोन. अंतर कोरं, तिथं काय? नव्याण्णव? रसूलचाचांची खुर्ची डोळ्यांपुढं आली. आकड्यांचे कागद बाईंच्या हवाली करताना म्हणालो, "बाई, अंतर कोरं असेल तिथं शून्य मारा."

"शून्य? म्हंजी पाणी दारातच?"

"म्हणजे काही नाही, असं."

"न्हाय, का ठाव न्हाय?"

"बाई, मॅन्युअलात तसंच आहे." नव्हतं.

बाईंनी पाठकोरा कागद काढला. 'अंतर कोरे असल्यास शून्य मारणे, साहेबांचे सांगणेवरून.' मी 'कु.' लिहिलं, खाली झोकदार रेघ मारली. चिठ्ठी कुलपात गेली.

माझा अहवाल फार देखणा झाला. बोरमाळची सरासरी सव्वा फर्लांगाच्याही आत आली. वस्ती यादीत तळाला. शिवाय मी एक शोध लावला. अविवाहित बाई आणि पाण्याचं अंतर यांचा संबंध मशीननं तपासला, आणि तो इतका पक्का निघाला, की असा पक्का संबंध पुण्याच्या शिक्षकांनीसुद्धा कधी पाहिला नसेल. मी लिहिलं: 'कुमारी स्त्रियांच्या दारातच पाणी उपलब्ध असल्याचे आढळते. यामागील कारणांचा अधिक अभ्यास व्हावा.'

बैठकीत चेअरमनसाहेबांनी हे वाक्य मोठ्यानं वाचलं. "म्हंजी लग्न झालं की पाणी लांब जातंय! मंग टँकर कशाला? वऱ्हाडंच बंद करू!" संचालक खो-खो हसले. हसता हसता चार टँकर वाटले गेले. चौथा ज्या गावाला गेला तिथं साहेबांच्या लेकीचं सासर होतं, पण यादीत ते गाव चौथंच होतं. शास्त्रापुढं कोण काय बोलणार? मला शाबासकी मिळाली. दोन दिवसांनी टँकर निघणार होते.

मी खोलीत परतलो तेव्हा बाई बोरमाळचा कागद घेऊन बसल्या होत्या. अर्थातच तळाशी.

"मिशिंग शून्य?" त्या म्हणाल्या. "खोटं हाय."

"खोटं कसं असेल? मशीननं काढलंय."

"भर उन्हाळ्यात अडतीस घरं, आन अडतिसाच्या अडतीस बाया घरात बसून उत्तरं द्यायल्यात? खोटं हाय. मूळ फॉर्म काढा."

मी फॉर्म काढले. बाई ते आज पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांच्याकडं माझे आकडेच गेले होते. त्या एकेक फॉर्म उलटत गेल्या, 'कु.'पाशी थबकल्या, माझ्याकडं पाहिलं, आणि गालातल्या गालात हसल्या. नुसतं म्हणाल्या, "शून्य काढा. मशीनला सांगा, ठाव न्हाय म्हणून."

मी मॅन्युअलाचं ते न उलटलेलं पान अखेर उलटलं. शून्याला 'माहिती नाही' ठरवून हिशोब पुन्हा चालवला. उरलेल्या पंधरा घरांची सरासरी तीन फर्लांग आली. बोरमाळ दोन पायऱ्या वर सरकली, टँकरपासून लांबच. खालच्या ओळीत छापून आलं: मिसिंग, तेवीस.

"झालं समाधान?" मी डबा उघडत म्हणालो.

"तेवीस माणसं हरवल्यात, आन तुमी जेवायला बसायलाव?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अणदूरला एस.टी.तून उतरलो आणि बोरमाळच्या वाटेला लागलो. बाई पुढं, मी यादी घेऊन मागं. वस्तीत शिरलो. शेळ्या, एक झोपलेलं कुत्रं आणि बाभळीखाली सुंभ वळत बसलेला एक म्हातारा धनगर, भिवाआबा. बाकी शुकशुकाट.

"वाचा," बाई म्हणाल्या.

"घर नंबर सात," मी यादी वाचली. "कु."

बाईंनी समोरच्या दाराकडं बोट केलं. "त्ये काय हाय?"

"दार."

"दाराला काय हाय?"

दाराला कुलूप होतं.

"घर नंबर आठ?"

"कु." आठ नंबरलाही कुलूप होतं. नऊ नंबरला कुलूप होतं. दहा नंबरला कुलूप नव्हतं, आणि माझ्या यादीत तिथं 'जनाबाई, तीन फर्लांग' होतं. अकराला कुलूप. पुढं मी वाचणं बंद केलं. उन्हामुळं कान तापले असावेत.

"सायेब," बाई अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "ह्या कुमारी पितळंच्या हायत का लोखंडाच्या, त्ये बी नोंदवायचं का?"

भिवाआबानं सुंभ खाली ठेवला. "काय हुडकायलाव?"

"आबा, बाया कुठं गेल्यात?" मी विचारलं.

"कुठं जात्यात? पान्याला."

"सगळ्याच?"

"न्हाय. अर्ध्या नाटकाला."

ज्या घरांत म्हातारी माणसं बसून होती, किंवा ज्यांना मळ्यातल्या विहिरीवर पाणी भरू देत होते, ती घरं उघडी. ज्यांना त्या विहिरीवर कुणी उभं करत नव्हतं, त्या बाया ओढ्यापलीकडच्या झऱ्यावर, दीड मैलावर. सकाळी निघायच्या, दुपारी यायच्या. जी जितकी लांब जात होती, तिचं दार तितकं बंद होतं. आणि बंद दारापुढं मी शून्य लिहिलं होतं. कुणाला विहिरीवर उभं करत नव्हते, ते बाईंनी विचारलं नाही. त्यांना ठाव होतं.

आम्ही झऱ्यावर गेलो. बाईंनी फर्लांगाची भाषा सोडूनच दिली. त्या एकेकीला विचारायच्या, "किती जागी टेकवावा लागतो हंडा?" आणि बाया न अडखळता सांगायच्या: पाच, सहा, पोटुशीला आठ. येताना मी जोशात येऊन एका म्हातारीची घागर खांद्यावर घेतली. अकरा ठिकाणी टेकवली. वस्तीत पोचलो तेव्हा घागरीत अर्धं पाणी होतं आणि उरलेलं अर्धं माझ्या विजारीत. म्हातारी म्हणाली, "ह्या पोराला नगा पाठवत जावा बाई, लई सांडतंय."

तेवीस घरांपुढं बारा बारा फर्लांग लिहून आम्ही परतलो. बाईंनी आकडे घातले, मी हिशोब चालवला. साडेआठ फर्लांग. बोरमाळ यादीत पहिली. बाईंनी कागद तळापासून वाचला, मिसिंग शून्य पाहिलं आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "आता खरं हाय."

आता हे केबिनमध्ये जाऊन सांगायचं होतं. वाटेत मी वाक्यं जुळवली होती. 'साहेब, कोडिंग मी केलं, शून्य मी सांगितलं, चूक माझी.' साधं वाक्य आहे. पंधरा दिवसांचं शिक्षणही लागत नाही.

चेअरमनसाहेबांनी कागद बघितला. चौथ्या नंबरचं लेकीचं सासर पाचवर गेलं होतं. चेहरा उतरला. दोन संचालक बसले होते.

"कुलकर्णी, काल येक सांगता, आज येक सांगता. ही चूक कुणाची?"

मी तोंड उघडलं. आतून जो आवाज आला तो त्या बहात्तरच्या मुकादमाचा होता, पण शुद्ध मराठीत. "साहेब, टंकताना झाली."

बाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. किल्ली गळ्यात, ड्रॉवर दहा पावलांवर. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होतो, मागच्या वर्षाचं.

"व्हय," बाई म्हणाल्या. "माझ्याच हातनं झाली. दुरुस्त करून आनलंय. टँकर उद्या सुटायचा हाय, तवा बोरमाळचं नाव घाला."

साहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. पदवीधराची चूक म्हणजे शास्त्राची चूक, शास्त्राची चूक म्हणजे निर्णयाची चूक. पण टंकलेखिकेची चूक! सगळ्या सहकार क्षेत्रात इतकी सोयीची चूक दुसरी नसते. तिच्यासाठी निर्णय फिरवता येतो, वर तिला झापता येतं. साहेबांनी दोन्ही केलं. टँकर बोरमाळला सुटला. बाईंना कायम करण्याची फाईल त्याच आठवड्यात टेबलावर होती. ती खाली ठेवली गेली. तिच्यावर शेरा: 'कामात गंभीर चूक.' हंगाम पुढं चालू.

मी दोन दिवस त्यांच्या वाऱ्याला उभा राहिलो नाही. तिसऱ्या दिवशी धीर करून म्हणालो, "बाई, तुम्ही चिठ्ठी का काढली नाही?"

"काढली असती, तर काय झालं असतं?"

"माझी लाज गेली असती."

"त्ये व्हायचंच होतं कवा तरी. पण तुमची लाज काढत बसले असते, तर टँकर तिकडं सासरी गेला असता." मग डबी उघडून त्यांनी चटणी पुढं केली. "खावा. तिखट हाय."

तिखट होती.

तीन उन्हाळे गेले. चेअरमन बदलले. जुनी फाईल वर आली आणि बाईंना कायम करण्याचा फॉर्म शिफारशीसाठी माझ्याकडं आला. मी तोवर विभागप्रमुख झालो होतो. आमच्याकडं चुका करणारा वर चढतो, कारण त्याला अनुभव असतो. फॉर्म मी फार मनापासून भरला. वक्तशीरपणा, उत्तम. अचूकता, उत्तम. शेवटच्या ओळीत एक चौकट होती: 'सेवाकाळातील गंभीर चुका (संख्या).'

एक लिहिलं तर खोटं, आणि फाईल परत खाली. शून्य लिहिलं तर वरचे विचारणार, की मग जुना शेरा कुणाचा? म्हणजे परत तेच वाक्य, जे तीन वर्षांपूर्वी केबिनमध्ये बोलायचं राहिलं होतं. मी चौकट कोरी सोडली आणि बाईंना सहीसाठी बोलावलं.

बाईंनी फॉर्म हातात घेतला. मी विसरलोच होतो, की त्या खालून वाचतात.

बोट थेट चौकटीवर. "ह्ये काय, सायेब? न्हाय, का ठाव न्हाय?"

मी नव्या वर्षाचं कॅलेंडर बघायला लागलो.

"कु. लिवा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"कु. लिवा. त्या दिवशी घर बंद व्हतं." मग, फॉर्म माझ्याकडं सरकवत, "ज्याचं त्याला कळंल."

मी पेन घेतलं. दोन अक्षरं नव्हेत, एक अक्षर आणि एक टिंब. हात आपोआप खाली झोकदार रेघ मारायला गेला तेव्हा कुठं मला उमगलं, की आपण काय लिहितो आहोत. रेघ मारली.

वरच्या कचेरीत त्या 'कु.'चा अर्थ कुणालाच कळला नाही, आणि कळला नाही असं म्हणायची तिथं पद्धत नव्हती. एका हुशार कारकुनानं ते नावाच्या आधी लावायचं राहिलं असावं असं ठरवून टाकलं. महिन्यानं हुकूम आला: 'कु. सुमन ओहाळ यांना सेवेत कायम करण्यात येत असून त्यांची नेमणूक नळदुर्ग येथील शीतकरण केंद्रात करण्यात येत आहे.' बाईंची थोरली मुलगी तेव्हा बाळंतपणाला आली होती.

त्यांना पोचवायला मी स्टँडवर गेलो. नळदुर्गची गाडी लागलेली. बाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीत कप आणि ते पितळी कुलूप. हुकूम हातात होता. शेवटच्या सहीपासून वर वाचत वाचत त्या नावापाशी पोचल्या आणि मोठ्यानं हसल्या. "सायेब, आता माझ्या बी दारात पाणी यील बघा!"

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. मी खिडकीला धरून चार पावलं चाललो. जे विचारायचं होतं ते तेव्हाच तोंडून निघालं.

"बाई, ती चिठ्ठी?"

बाईंनी गळ्यातली किल्ली चिमटीत धरून दाखवली.

"हाय की," त्या म्हणाल्या. "कुलपात."